तिसरा ठोका

१

सकाळी शेडचं कुलूप काढायचं, दाराचा पत्रा सरकवायचा, स्टोव्हवर चहाचं आधण ठेवायचं आणि ते उकळेपर्यंत खोक्यावर बसून आज कुठं कुठं दुखतंय याची हजेरी घ्यायची, हा मिस्त्रींचा चाळीस वर्षांचा नेम. पूर्वी हजेरीला गुडघे तेवढे असायचे. आता खांदा, मनगट, कंबर, सगळी मंडळी वेळेवर हजर.

लाकडी होड्या दुरुस्त करणारे या किनाऱ्यावर ते शेवटचेच. गेली दोन वर्षं शेडमध्ये काम असं नव्हतंच. कुणाचं वल्हं तासून दे, कुणाची खुर्ची ठोकून दे, असलं काहीतरी. मग जावयानं ही होडी शोधून आणली. एका बंद गोदामामागं जुन्या जाळ्यांखाली ती दहा-बारा वर्षं पडून होती. बावीस फुटी, रुंद पोटाची, पुढच्या टोकाला माणूस वाकून शिरेल एवढं छप्पर असलेली. किनाऱ्याजवळची मासळी संपत आली होती. खोल समुद्रात गेल्याशिवाय आता भागणार नव्हतं, आणि जावयाची फायबरची होडी म्हणजे लाटेवर नाचणारी टोपली.

"कणा ठणठणीत आहे, मामा," जावई म्हणाला. "तुमचा हात लागला की म्हातारी उभी राहील."

"म्हातारी उभी राहील हो. म्हातारा आडवा होईल त्याचं काय?"

जावई हसला. त्याला हसायला कारण लागत नसे, म्हणून तो मिस्त्रींना आवडायचा. पण त्याच संध्याकाळी लेक शेडमध्ये आली ती हसत नव्हती. होडीभोवती एक फेरी मारून ती म्हणाली, "बाबा, मला यातलं काही कळत नाही. यांना तर सगळंच सोपं वाटतं. तुम्ही 'जा' म्हणालात तरच मी यांना खोल पाण्यात सोडीन. नाही म्हणालात तर ही होडी फोडून सरपण करू."

"बरं," मिस्त्री म्हणाले. एवढा मोठा भार एवढ्याशा शब्दानं खांद्यावर आला.

दुसऱ्या दिवशी टॉर्च घेऊन त्यांनी होडी आतून पाहिली. सगळीकडे कोळिष्टकं, उंदरांच्या लेंड्या, कुजलेली दोरी. पुढच्या छपराखालची पोकळी मात्र स्वच्छ होती. तिथल्या एका बरगडीचं लाकूड तुळतुळीत झालं होतं, रोज कुणी पाठ टेकून बसलं की होतं तसं. जाळी रचून ठेवत असतील, मिस्त्रींनी मनाशी म्हटलं आणि ते पुढच्या कामाला लागले.

२

पुढच्या बाजूच्या नऊ फळ्या बदलायच्या होत्या. फळी बरगडीला तांब्याच्या खिळ्यानं जोडतात, आणि ते काम एकट्याचं नव्हे. एकानं बाहेरून खिळा ठोकायचा आणि त्याच्या डोक्यावर जड लोखंड दाबून धरायचं. दुसऱ्यानं आत बसून खिळ्याच्या टोकात वायसर, म्हणजे तांब्याची चकती, घालायचा आणि टोक ठोकून मुडपायचं. मध्ये फळी असल्यामुळे दोघं एकमेकांना दिसत नाहीत, आणि हातोडीच्या आवाजात ओरडलं तरी काही ऐकू येत नाही. म्हणून ठोक्यांची भाषा.

आतून एक ठोका म्हणजे तयार आहे, ठोका खिळा. दोन म्हणजे झालं, पुढचा. तीन म्हणजे थांबा, मला बाहेर यायचंय. आणि तीनला बाहेरच्यानं तीन ठोक्यांनी उत्तर द्यायचं, त्याशिवाय आतल्यानं जागचं हलायचं नाही. मिस्त्रींच्या उमेदवारीत एकजण उत्तराची वाट न बघता उठला होता, आणि बाहेरून ठोकलेला खिळा थेट त्याच्या गुडघ्यात. तेव्हापासून हा कायदा मिस्त्रींच्या हाताला इतका बसला होता, की घरी कुणी दारावर तीनदा टकटक केली तर त्यांची बोटं आधी खाटेच्या कडेवर तीनदा वाजायची आणि मग ते उठायचे.

जावई आत बसायचा. हात चांगला होता, पण ठोक्यांचं अंग नव्हतं. दोन ठोके झकास, तिसरा मात्र रेंगाळत यायचा.

"बापू, तुमचा तिसरा ठोका गावाला जाऊन येतो का हो?" मिस्त्री विचारायचे.

"वाटेत जेवायला थांबतो, मामा," छपराखालून आवाज यायचा.

एकदा हातोडी निसटून जावयानं स्वतःच्याच डाव्या अंगठ्यावर घेतली. नख काळंनिळं झालं. लेकीनं फडकं बांधताना दोघांनाही सारखंच रागावून घेतलं.

३

त्या दिवशी दुपारी जेवून दोघं पोत्यांवर आडवे झाले. सुकाणूची पट्टी वेल्डरकडून आणायची आहे, असं जावई काहीतरी म्हणाला. मिस्त्रींनी हुंकार दिला आणि त्यांचा डोळा लागला.

जाग आली ती ठोक्यानं. होडीच्या पुढच्या टोकातून एकच, स्पष्ट ठोका आला. तयार.

"आज उत्साह बराच दिसतोय," असं पुटपुटत मिस्त्री कण्हत उठले. त्यांनी हातोडी घेतली, पहिला खिळा ठोकला, लोखंड लावून धरलं. आतून टोक मुडपल्याचे हलके घाव आले, मग दोन ठोके. पुढचा. पुन्हा एक. तयार.

काम असं चाललं की बस. चाळीस वर्षांत असा जोडीदार मिळाला नव्हता. थांबणं नाही, चुकणं नाही, दोन खिळ्यांमध्ये उसासासुद्धा नाही. मिस्त्रींचा दुखरा खांदासुद्धा त्या तालात सैल झाला. एकामागून एक अकरा खिळे झाले. मग तीन ठोके आले, तिन्ही अगदी सारख्या अंतरानं.

वा, शिकले की, असं मिस्त्रींच्या मनात आलं. उत्तर द्यायला त्यांनी हातोडी उचलली, तेवढ्यात खिशातला फोन वाजला. लेकीचा होता.

"बाबा, यांना पट्टी मिळाली. वेल्डरकडून आधी घरीच आलेत, चहा घेतायत. तुम्हाला काही पाठवू का यांच्याबरोबर?"

मिस्त्रींची हातोडी तशीच वर राहिली.

"कधी आले घरी?"

"झाला असेल अर्धा-पाऊण तास. का हो?"

"काही नाही," मिस्त्री म्हणाले. "सहज."

त्यांनी फोन बंद केला. पत्र्यावर ऊन तडकत होतं. समोर फळीत अकरा खिळ्यांची डोकी एका रेषेत चमकत होती. त्या तीन ठोक्यांना उत्तर द्यायचं राहूनच गेलं.

४

पोकळीत कुणीच नव्हतं. मिस्त्रींनी टॉर्च फिरवला, मग हात घालून चाचपलं. अकराही खिळे आतून मुडपलेले, इतके सफाईदार की बोट फिरवलं तर नखाला अडकू नयेत. फरक एकच होता. जावयाचे जुने खिळे एका अंगाला मुडपलेले होते आणि हे बरोबर उलट्या अंगाला, डावऱ्या माणसानं मुडपावेत तसे.

ते खोक्यावर जाऊन बसले आणि डोकं शांत ठेवून हिशेब लावू लागले. एक, जावई मध्येच येऊन गेला असेल. पण लेक खोटं कशाला बोलेल? दोन, आपणच झोपेच्या गुंगीत आत-बाहेर करत हे सगळं केलं. एकट्याला अशक्य, पण अशक्य म्हणजे किती अशक्य? गेल्या महिन्यात स्टोव्ह पेटता ठेवून आपण घरी गेलोच होतो. चष्मा डोक्यावर असताना अख्खी शेड पालथी घातलीच होती. लेक तेव्हापासून मागं लागली होती, बाबा, आता शेड पुरे. ही गोष्ट तिच्या कानावर गेली तर उद्या शेडला टाळं आणि होडीचं सरपण.

खरं सांगायचं तर त्यांना भीती वाटत होती, पण होडीची नव्हे, स्वतःच्या डोक्याची. खिळे उपटावेत तर फळी चिरणार. काम तर सोन्यासारखं झालेलं. आणि अंगात त्राण नव्हतं.

उद्या बघू, असं त्यांनी ठरवलं. जावई चहाची किटली घेऊन आला तेव्हा त्यानं खिळ्यांची रांग पाहून भुवया उंचावल्या.

"एकट्यानं? कमाल आहे तुमची, मामा."

"हं," मिस्त्री म्हणाले.

५

खोल पाण्यातल्या होडीला बुडू न देणारी एक जागा लागते. पुढच्या छपराखालच्या त्या पोकळीसमोर आडवी भिंत घालून तिचा हवाबंद कप्पा करायचा. मोठी लाट आत आली, होडी काठोकाठ भरली, तरी ती हवा तिला वर धरून ठेवते. मिस्त्रींनी स्वतः भिंत बसवली. हातभर चौकोनी झडप ठेवली होती, ती सगळ्यात शेवटी स्क्रूनं आवळली आणि चारही कडांना राळ भरली. आवळण्याआधी त्यांनी आत तीनदा टॉर्च मारून पाहिला. स्वच्छ, कोरडं, रिकामं.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्या बंद कप्प्यातून तीन ठोके आले. सारख्या अंतरानं.

नवं लाकूड उन्हात बोलतं. मिस्त्रींना हे माहीत होतं, त्यांनी ते शंभर गिऱ्हाइकांना सांगितलेलं होतं. पण लाकूड कधी मोजून बोलत नाही. त्यांनी रेडिओ मोठा केला. रोज दुपारी, साधारण त्याच वेळेला, तीन ठोके. घाई नाही, राग नाही. एखाद्या कचेरीच्या बाकावर माणूस आपला नंबर पुकारायची वाट बघतो, तेवढाच धीर त्यात होता.

एकदा त्यांनी जावयाला विचारलं, "बापू, काही ऐकू आलं?"

"काय?"

"उंदीर असेल."

झडप उघडावी, असं त्यांच्या मनात रोज यायचं. स्क्रू काढायचे, राळ खरवडायची, पुन्हा भरायची, म्हणजे दोन दिवस गेले. आणि उघडून काय बघायचं? रिकामा कप्पा दिसला तर आपलं डोकं गेलं हे नक्की. रिकामा नसला तर? त्या विचाराशी आले की त्यांना एकदम झोप यायची, तापात येते तशी.

६

होडी पाण्यात उतरवायच्या दिवशी धक्क्यावर दहा-बारा माणसं जमली. दोन दिवस ओल्या पोत्यांखाली ठेवून फळ्या फुगवलेल्या, सांध्यांत कापूस ठासलेला, रंग नवा. होडी उतारावरून घसरली, पाण्यात बसली आणि एक थेंब आत आला नाही. जुने खलाशी एकमेकांकडे पाहून माना डोलवत होते.

"मग बाबा?" लेकीनं विचारलं. तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं होतं. "जाऊ दे यांना?"

मिस्त्री होडीच्या पुढच्या टोकाशी गुडघाभर पाण्यात उभे होते, हातात हातोडी. जावई शेजारी उभा राहून दोरी सोडत होता. होडी चोख होती, याबद्दल त्यांच्या मनात काडीचीही शंका नव्हती. असं काम त्यांच्या हातून उभ्या आयुष्यात झालं नव्हतं.

"जा," ते म्हणाले.

लगेच फळीमागून तीन ठोके आले. आणि मिस्त्रींचा हात, चाळीस वर्षं ज्याला दुसरं काही माहीत नव्हतं तो हात, आपोआप वर गेला आणि त्यानं फळीवर तीनदा हातोडी मारली.

ये बाहेर.

लोकांना वाटलं, मिस्त्रींनी शुभशकुन म्हणून होडीला थाप मारली. कुणीतरी टाळ्यासुद्धा वाजवल्या. जावई हसत एकटाच होडीत चढला, इंजिन सुरू झालं. मिस्त्री आपल्या हाताकडे बघत पाण्यातच उभे राहिले.

७

तीन दिवसांनी होडी परत आली, मासळीनं भरून. मिस्त्रींनी तीन रात्री डोळा मिटला नव्हता. धक्क्यावर जावयाला धडधाकट उतरताना पाहिल्यावर त्यांना भर लोकांत रडू आलं, आणि त्यांनी ते पुसलंही नाही. गेलं सगळं, वेडेपणा होता आपला, असं म्हणत ते लेकीच्या घरी जेवायला गेले.

जावई कमी बोलत होता. थकला असेल. लेकीनं चहाचा कप पुढं केला, तो त्यानं डाव्या हातानं घेतला.

मिस्त्री बघत राहिले. त्याचा डावा अंगठा साफ होता. काळंनिळं नख उजव्या अंगठ्याला होतं.

स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी लेकीला हळूच विचारलं, "अगं, त्यांना लागलं होतं ते कुठल्या हाताला?"

तिनं हातातलं भांडं खाली ठेवलं. तिच्या नजरेत जे आलं ते मिस्त्रींना नको होतं. ती कीव होती. "उजव्या, बाबा. आत्ताच तर दिसतंय. तुम्ही ना, जरा डॉक्टरांकडे चला एकदा."

"फडकं तू बांधलं होतंस."

"हो, मग? एवढं कोण लक्षात ठेवतं?" मग ती जरा लाजून हसली. "एक सांगू? समुद्रानं सुधारले हो हे. आल्या आल्या जागच्या जागी चपला ठेवल्या. माझं बोलणं मध्ये न तोडता ऐकलं. सात वर्षांत पहिल्यांदा."

बाहेरच्या खोलीत जावई ताठ बसला होता, पाठ भिंतीला टेकून, गुडघे छातीशी घेऊन. एवढ्या मोठ्या खोलीत त्यानं अगदी थोडी जागा घेतली होती.

८

दुसऱ्या दिवशी दुपारी मिस्त्री धक्क्यावर गेले. होडी बांधलेली होती, जावई मागच्या बाजूला जाळं विणत बसला होता. मिस्त्री होडीत उतरले आणि त्यांनी कप्प्याच्या भिंतीवर तळहात ठेवला. लाकूड गार होतं.

आतून ठोका आला. मग दुसरा. मग काहीच नाही. पाणी होडीला थापट्या मारत होतं. मिस्त्रींनी श्वास सोडला, आणि तेव्हा, उशिरानं, रेंगाळत, तिसरा आला.

गावाला जाऊन.

"बापू," ते पुटपुटले. हातोडी नव्हती, म्हणून मूठ वळली आणि उत्तर द्यायला हात उचलला. एक झाला असेल नसेल, मागून कुणीतरी त्यांचं मनगट धरलं. हलकेच, पण हलता येऊ नये इतकं. डाव्या हातानं.

"आत काही नाही, मामा," जावई म्हणाला. आवाज त्याचाच होता. "थकलात तुम्ही. बसा जरा."

"उघडायचीय झडप."

"हवाबंद आहे ती. तुम्हीच केलीत. किती छान केलीत." आणि तो हसला. हसण्यात तसं काही वावगं नव्हतं. फक्त त्याला कारण होतं.

मिस्त्रींनी त्याच्याकडे पाहिलं आणि ते खरोखरच खाली बसले. अंगातली सगळी दुखणी एकदम बोलायला लागली. याच्याशी झगडायचं? कुणाला बोलावायचं, आणि सांगायचं काय? लेक डॉक्टरांकडे नेईल. उद्या सकाळी हा बर्फ आणायला कारखान्यात जाईल तेव्हा यावं, तासभर मिळेल, असं ठरवून ते घरी गेले. उद्या. एकच रात्र तर काढायची आहे, बापू, असं ते वाटभर म्हणत होते.

९

सकाळी धक्क्यावर कुणी नव्हतं. मिस्त्रींनी हातोडी, स्क्रूड्रायव्हर आणि छिन्नी आणली होती. आधी उत्तर, मग झडप. त्यांनी भिंतीवर तीनदा हातोडी मारली. ये बाहेर.

काही नाही. पुन्हा तीन. "या हो बापू," ते मोठ्यानं म्हणाले. "उशीर झाला, माझी चूक झाली, पण या आता."

त्यांनी स्क्रू काढायला घेतले. चारही निघाले, राळही सुटली, झडप काही हलेना. छिन्नी घालून जोर केला तेव्हा एका कोपऱ्यात बोटभर फट पडली. त्यांनी टॉर्च लावून डोळा फटीला नेला. झडपेच्या कडेनं आतल्या बाजूला तांब्याच्या खिळ्यांची अख्खी ओळ होती, एकही त्यांनी ठोकलेला नव्हता. सगळे मुडपलेले, उलट्या अंगाला, नखाला अडकू नयेत इतके सफाईदार. त्यांच्यापलीकडे अंधारात काहीतरी किंचित हललं.

मग ठोका आला. अगदी हलका. मग दुसरा.

मिस्त्री तिसऱ्याची वाट बघत राहिले. तो उशिरा येतो, हे त्यांना माहीत होतं. एक होडी लांबून गेली, तिच्या लाटा धक्क्यापर्यंत आल्या आणि विरल्या. ऊन पायांवर चढलं. तिसरा आला नाही.

दोन ठोके म्हणजे झालं. पुढचा.

"बाबा, इतक्या सकाळी तुम्ही इथं?"

लेक धक्क्यावर उभी होती. खांद्याला पिशवी, हातात डबा. मागून जावई बर्फाची पेटी घेऊन येत होता. "आज मीही जाऊन येते बरोबर. हे म्हणाले, आयुष्यभर काठावरूनच बघणार का? मला इतकं बरं वाटलं, बाबा."

मिस्त्री कसेबसे होडीतून धक्क्यावर चढले. जावई एका उडीत खाली उतरला, त्यानं झडपेच्या कोपऱ्यावर तळहात दाबला, आणि मग लेकीकडे वळून डावा हात वर केला.

"बाबा, जरा धरा मला, उतरताना भीती वाटते," लेक म्हणाली आणि तिनं आपला हात वडिलांच्या हातात दिला. दुसरा होडीकडे केला. एक पाय धक्क्यावर, एक हवेत.

"आता सोडा ना, बाबा," ती हसत म्हणाली. मग तिनं त्यांचा चेहरा पाहिला आणि तिचं हसू थांबलं. "बाबा?"

खालचा हात तिच्या बोटांपर्यंत पोचला होता आणि शांतपणे ओढत होता. मिस्त्रींनी आपला हात सोडला नाही. त्यांच्या खांद्यात कळ आली होती, आणि ते फार थकले होते.